खिडकीतला कूलर

नागपुरात जन्मलेल्या माणसाला कूलरची ओळख बोलता येण्याआधी होते. पाळणा त्याच्या झोताच्या जरा बाजूला लावतात, शेवटच्या पेपरांचा अभ्यास त्याच्या घरघरीत होतो, लग्नात हॉलच्या कडेने भाड्याचे मोठे कूलर उभे राहतात आणि म्हातारपणी पलंग कुठे टाकायचा हे त्याच्याच खिडकीवरून ठरते. होळी आटोपली की गच्चीवरचा लोखंडी सांगाडा खाली येतो, गंज खरवडून रंग लागतो, जुने गवत काढून नवे भरले जाते. इतक्या जवळच्या वस्तूकडे आता ‘एसी परवडेपर्यंत’ एवढ्याच हिशेबाने पाहिले जाते. मला हा हिशेब चुकीचा वाटतो. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात घराच्या आरोग्याला आणि भोवतालच्या हवेला कूलरच अधिक मानवतो. फक्त तो विकत आणून भागत नाही, घराला काही सवयी लावून घ्याव्या लागतात.

२३ मे २०१३ रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. इतक्या उन्हात यंत्राशिवाय राहा, असे कोणी कोणाला सांगू नये. पण याच उन्हाची एक बाजू आपल्या सोयीची आहे. मे महिन्यातल्या दुपारी इथल्या हवेत ओलावा फार कमी, अनेकदा वीस टक्क्यांच्या आसपास असतो. अशी हवा ओल्या गवतातून खेचली की पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेला लागणारी उष्णता हवेतूनच घेतली जाते. एक लिटर पाणी वाफ होताना जवळपास दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता शोषून घेते. म्हणून बाहेर ४४ अंश असताना नीट भिजलेल्या गवतातून येणारी हवा तिशीच्या आसपास उतरते. दारा-खिडक्यांना लावून पाणी शिंपडल्या जाणाऱ्या वाळ्याच्या ताट्यांचे तत्त्वही हेच होते. कूलरने त्याला पंखा आणि पंप जोडला. मुंबईच्या दमट हवेत ही युक्ती चालत नाही. ती आपल्याकडे चालते.

उत्तर नागपुरातल्या जरीपटक्यात हा विचार अधिकच नेमका लागू पडतो. फाळणीनंतर सिंधमधून निर्वासित होऊन आलेल्या कुटुंबांनी ही वस्ती उभी केली. त्यांच्या सिंधमधल्या हैदराबाद शहरात घरोघरी छपरावर वारा पकडणारे झरोके असत, त्यांना ‘मंघ’ म्हणत. सगळ्यांची तोंडे नैऋत्येकडे, समुद्रावरून येणारा वारा खालच्या खोल्यांत उतरवायला. ज्या समाजाच्या स्मरणात असे शहर आहे, त्याला हवेच्या वाटेचे महत्त्व वेगळे सांगायला नको. कूलरलाही अशीच वाट हवी असते. जेवढी हवा आत येते तेवढी बाहेर जायला समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर खोली काही वेळातच दमट होते आणि ‘कूलर काम करत नाही’ अशी तक्रार सुरू होते. बंद खोलीतला एसी तीच ती हवा फिरवतो. कूलर मात्र दिवसभर ताजी हवा आत घेतो आणि स्वयंपाकाचा धूर, वास बाहेर ढकलतो. अडचण अशी की अरुंद प्लॉटवर मजले चढले, भिंतीला भिंत लागली आणि समोरची खिडकी अनेक घरांत उरलीच नाही. त्यावर थोडाफार इलाज आहे: दारावर झडप, जिन्याच्या वरच्या टोकाला जाळी आणि गच्चीवर चुन्याचा पांढरा हात, म्हणजे मुळात छतच कमी तापते. दाट गल्लीत एसीचा आणखी एक दोष असतो. तो आतली उष्णता उचलून बाहेर, म्हणजे शेजाऱ्याच्या खिडकीसमोर टाकतो.

विजेचा फरक तर सरळ दिसतो. दीड टनाचा एसी भर चालताना साधारण दीड हजार वॉट घेतो. घरगुती कूलरचा पंखा आणि पंप मिळून दोनशेच्या आसपास. उत्तर नागपूरच्या पलीकडेच कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक केंद्रे आहेत, आणि कोळशापासूनच्या विजेच्या एका युनिटमागे जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. यावर लगेच विचारले जाते, आणि विचारलेच पाहिजे, की पाण्याचे काय? मोठा कूलर भर उन्हात तासाला दहा-पंधरा लिटर सहज पितो. पण वीजही पाण्याशिवाय होत नाही. २०१५च्या केंद्रीय निकषांत जुन्या औष्णिक केंद्रांना युनिटमागे साडेतीन लिटरची मर्यादा आहे. त्या हिशेबाने एसीच्या एका तासामागे पाचेक लिटर पाणी दूर कुठेतरी खर्च होते. कोराडीला नागपूरचे प्रक्रिया केलेले सांडपाणी दिले जाते, ही चांगली गोष्ट. तरीही घराच्या पातळीवर कूलरचे पाणी जास्तच आहे, हे मान्य करतो. ते कमी करणे आपल्या हातात आहे: रात्री हवा निवली की पंप बंद करून नुसता पंखा चालवावा, भरताना टाकी वाहू देऊ नये, फुटके तळ वेळेवर बुजवावेत.

सर्वांत गंभीर आक्षेप डेंग्यूचा आहे, आणि इथे कोणतीही सवलत मागता येत नाही. एडिस डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणूनच आठवड्यातून एक दिवस टाकी कोरडी करायची. मात्र नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही. अंडी पाण्याच्या रेषेजवळ भिंतीला चिकटतात, कोरड्यात महिनोन्‌महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी आले की फुटतात. घासणीने आतल्या बाजू खरवडून काढणे हेच खरे काम. जूनमध्ये पाऊस स्थिरावला की कूलरचा उपयोगही संपतो, कारण हवा आधीच ओली असते. त्या वेळी तो घासून, वाळवून, टाकी उपडी करून ठेवावा. गच्चीवर उघडा टाकलेला कूलर पावसाचे पाणी साठवत राहतो, आणि त्याचा ताप साऱ्या गल्लीला भोगावा लागतो.

दुसरा धोका विजेचा. कूलरचा धक्का लागून मृत्यू झाल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात. लोखंडी अंग, ओली जमीन, अर्थिंग नसलेला सॉकेट. पाणी भरताना प्लग काढलेलाच हवा, आणि गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर घरात बसवलेला हवा. कूलरचा हट्ट मात्र सगळीकडे नको: हृदयरोगी, तान्ही मुले, रात्रीही न निवणारी वरच्या मजल्याची खोली यांच्यासाठी एसी लागला तर तो जरूर लावावा. २०२०पासून नव्या एसीचे तापमान सुरुवातीलाच २४ अंशांवर ठेवलेले असते. ते १८वर ओढण्याऐवजी २६वर नेऊन सोबत पंखा चालवला तरी खोली सुखाची राहते. उरतो प्रश्न कामाचा. टाकी घासणे, गवत बदलणे, पाणी भरणे ही कामे बहुतेक घरांत एकट्या बाईच्या वाट्याला येतात, आणि बटण दाबून गारवा देणारा एसी तिला हवासा वाटला तर तिला दोष देता येणार नाही. रविवारी सकाळी घासणी घरातल्या कर्त्या पुरुषाच्या आणि मोठ्या मुलांच्या हातात आली, तरच कूलरच्या बाजूने केलेला हा सारा युक्तिवाद तिच्यासमोर मांडण्याचा अधिकार आपल्याला उरतो.