काळ्या मातीतलं कोर्ट

‘शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये’ असं आपल्याकडे म्हणतात. पण समन्सच दारात आलं, तर पायरी चढण्यातच शहाणपण असतं. २०२५ च्या जानेवारीत आम्ही बेळगावहून एका तालुक्याच्या गावी जाऊन आलो, ते अशाच एका समन्सपायी.

त्याआधी दिवाळीनंतर माझे वडील कारनं धारवाडला निघाले होते. वाटेत नेहमीची तपासणी चालू होती. पोलिसांनी लायसन्स आणि आर.सी. पाहिली, वहीत टिपून घेतलं आणि ‘होग्री’ म्हणून सोडलं. दोन महिन्यांनी समन्स आलं. नाव आणि पत्ता बाबांचा. गाडी मात्र के.ए. २४ ची मोटारसायकल आणि गुन्हा हेल्मेट न घातल्याचा. आमची कार के.ए. २२ ची. वहीतल्या एका ओळीतलं नाव दुसऱ्या ओळीतल्या गाडीला चिकटलं होतं.

बाबा घरात नव्हते, म्हणून समन्स आमच्या सौ.नं सही करून घेतलं. पूर्वीच्या फौजदारी संहितेत अशा वेळी ते घरातल्या प्रौढ पुरुषाकडेच देता येई. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतून ‘पुरुष’ हा शब्द गेला आहे. आता घरातल्या सुनेकडे, लेकीकडेही समन्स देता येतं. आणि बरंच झालं म्हणायचं, कारण सौ. धारवाडकडची. कन्नड कागद आमच्या घरी तीच भराभर वाचते.

‘तंदे’ म्हणजे वडील, ‘विळास’ म्हणजे पत्ता. त्याचा आपल्या विलासाशी संबंध नाही, हे ऐकून मुलं हसली. पण आरोपी, अपराध, दंड हे शब्द दोन्ही भाषांत सारखेच. त्यांचा अर्थ बाबांना कुणी सांगावा लागला नाही. सारी नोकरी शाळामास्तर म्हणून केलेला माणूस ‘आरोपी’पाशी थबकला आणि त्या रात्री जेवला नाही.

‘दंड भरून मोकळे व्हा, कशाला हेलपाटे?’ असं गल्लीत बरेच जण म्हणाले. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०८ नुसार किरकोळ गुन्ह्यात कोर्टात न जाता कबुली पाठवून रक्कम भरण्याची मुभा समन्समध्ये देता येते. पण पैसे भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. बाबा म्हणाले, ‘पैशाचा प्रश्न नाही रे. जे केलंच नाही, ते केलं म्हणून या वयात सही करू?’ मग जायचंच ठरलं.

निघण्यापूर्वी कागद खरा आहे ना, ते पाहिलं. समन्सवर कोर्टाचा शिक्का आणि सही हवी. सोळा अक्षरांचा सी.एन.आर. क्रमांक ई-कोर्ट्सवर घातला की खटला कोणत्या कोर्टात आहे आणि तारीख कधीची, ते दिसतं. हल्ली मोबाईलवर खोट्या दंडाचे संदेशही येतात. त्यातली लिंक उघडू नये.

हलग्याजवळ सुवर्ण विधानसौध डाव्या-उजव्या बोलण्यात मागे पडलं. हिरेबागेवाडीच्या पुढे महामार्ग सोडला, तशी तांबडी माती सरून काळी लागली. शेतात हरभरा घाटे धरत होता, शाळू उभा होता. गाडीत सौ. बाबांना शिकवत होती, ‘मामा, नाव पुकारलं की ‘हाजर इद्देने’ म्हणा.’ बाबा म्हणाले, ‘अगं, हाजर तर आपलाच शब्द!’ त्या दिवशी पहिल्यांदा ते हसले.

कोर्टाच्या आवारात चिंचेखाली नोटरींची टेबलं, शेजारी चहावाला. कुणी कन्नडात विचारलं, तर कुणी मराठीत उत्तर देत होतं. तिथल्या वकिलांनी कन्नडात अर्जी लिहिली. सोबत लायसन्स, आमची आर.सी., विमा आणि त्या मोटारसायकलीचा मालक वेगळाच असल्याचा तपशील जोडला.

दुपारी पुकारा झाला. गुन्हा कबूल आहे का, असं न्यायाधीशांनी कन्नडात विचारलं. बाबा ताठ उभे राहून म्हणाले, ‘इल्ल्री.’ सरकारी वकिलांनी कागद चाळले, पोलिसांकडून अहवाल मागवला गेला आणि पुढची तारीख मिळाली. फेब्रुवारीत पुन्हा गेलो. वहीतली चूक अहवालात आली आणि बाबांचं नाव वगळलं गेलं. बाहेर येऊन तिघांनी गिरमिट आणि मिरची भजी खाल्ली. बाबांनी दुसरी प्लेट मागवली.

आपल्या सीमाभागात गाड्या तीन राज्यांत फिरतात आणि नावं दोन लिप्यांत लिहिली जातात. असं समन्स कुणाच्याही दारी येऊ शकतं. ते फेकून देऊ नका. गैरहजर राहिलात तर वॉरंट निघू शकतं. घाबरून दंडही भरू नका. गाडीचा क्रमांक, तारीख आणि कलम आधी पडताळा. घरात कन्नड वाचणारं असेल, त्याला सोबत घ्या. आणि निकाल लागला की आदेशाची प्रमाणित नक्कल काढायला विसरू नका. पुढे कुणी विचारलंच, तर तीच कामी येते.