राजाचे दात आणि धुळ्याचा कलेक्टर

इ. स. ११९४. यमुनेकाठचे चंदावर, आजच्या फिरोजाबादजवळचे. एका बाजूला कनौज-वाराणसीचा गाहडवाल राजा जयचंद्र, दुसऱ्या बाजूला मुहम्मद घोरीची फौज. राजा पडला, सैन्य पांगले. कोसळलेल्या हत्तींच्या आणि प्रेतांच्या गर्दीत राजाचा देह कोणता हे ओळखता येईना. अखेर तो ओळखला गेला तो दातांवरून.

ही हकीकत एका ओळीची आहे, पण तिने बराच प्रवास केला आहे, आणि त्या प्रवासातील एक महत्त्वाचा मुक्काम खानदेशात, पांझरेच्या काठी आहे.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खानदेश इंग्रजांकडे गेला. दख्खनचा कमिशनर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. त्याच्या हाताखाली खानदेशचा कारभार पाहण्यास कॅप्टन जॉन ब्रिग्ज आला. १८१९ मध्ये त्याने धुळे हे मुख्यालय ठरवले आणि जुन्या गावाशेजारी नवी वसाहत आखून घेतली. धुळ्याच्या सरळ रेषेतील, क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांतून हिंडणाऱ्याला त्या आखणीची सवय आजही अंगवळणी पडलेली असते. भिल्लांशी तह, पेंढाऱ्यांनी उजाड केलेली गावे, थकलेला सारा, या सर्व व्यापात बुडालेला हा अधिकारी फारसीचा गाढा अभ्यासक होता. फिरिश्ताच्या इतिहासाचे त्याचे चार खंडांतील इंग्रजी भाषांतर १८२९ मध्ये लंडनला छापले गेले. त्यापूर्वी अलेक्झांडर डाऊचे भाषांतर होते (१७६८), परंतु ते फार सैल. इंग्रजी वाचकाने फिरिश्ता वाचला तो मुख्यतः ब्रिग्जच्या हातून.

फिरिश्ताही दख्खनचाच म्हणावा लागेल. जन्म कास्पियन समुद्राकाठच्या अस्तराबादचा. पण बालपण अहमदनगरच्या निजामशाहीत गेले, लेखन विजापूरला इब्राहीम आदिलशहाच्या आश्रयाने झाले. त्याने सतराव्या शतकाच्या प्रारंभी लिहिले, म्हणजे चंदावरच्या लढाईनंतर चारशेहून अधिक वर्षांनी. या परंपरेत राजाचे दात ‘कृत्रिम’ आहेत. एल्फिन्स्टनने आपल्या १८४१ च्या हिंदुस्थानच्या इतिहासात हीच गोष्ट घेतली आणि त्या काळच्या राहणीमानावर यातून काही प्रकाश पडतो, असा शेराही मारला.

एल्फिन्स्टनच्या वाचकाने ‘कृत्रिम दात’ या शब्दांतून काय कल्पिले असेल? त्या पिढीतील श्रीमंत इंग्रजाची कवळी पाणघोड्याच्या किंवा हत्तीच्या दातातून कोरलेली असे. वरची आणि खालची पट्टी सोन्याच्या स्प्रिंगांनी जोडलेली, त्यामुळे तोंड मिटून ठेवायलाही जोर लागे. समोरचे दात पुष्कळदा खऱ्या माणसांचे असत. १८१५ च्या वॉटर्लूनंतर रणांगणावरील मृतांचे दात काढून विकले गेले, आणि ‘वॉटर्लूचे दात’ हा शब्द लंडनच्या बाजारात रूढ झाला. चिनी मातीचे दात नुकते येऊ लागले होते. रबराची कवळी १८५० नंतरची, आणि आज आपल्या आजी-आजोबांच्या पेल्यात दिसते ती गुलाबी ॲक्रिलिकची तर १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धातली. रणांगणावरचा एक दात दुसऱ्याच्या तोंडात जाण्याच्या त्या काळात, रणांगणावर दातांनी ओळख पटलेला राजा इंग्रज वाचकाला मुळीच परका वाटला नसावा.

पण कवळी हा सारा घोळच असण्याची शक्यता आहे.

इब्न अल-असीर (११६०–१२३३) हा मोसुलचा इतिहासकार. चंदावरची लढाई झाली तेव्हा तो तिशी ओलांडलेला होता. त्याच्या बृहद् इतिहासात राजाचे नावही नाही; तो केवळ ‘बनारसचा राजा’ आहे. मात्र दातांचा तपशील नेमका आहे. राजाच्या दातांची मुळे कमकुवत झाली होती, म्हणून ते सोन्याच्या तारेने बांधलेले होते, आणि त्यावरून देह ओळखला गेला. इंग्रजी वाचकाला हा उतारा इलियट आणि डाउसन यांच्या दुसऱ्या खंडात, १८६९ मध्ये मिळाला. तोवर ‘कृत्रिम दात’ इतिहासग्रंथांत ठाण मांडून बसले होते.

येथे फरक शब्दांचा नाही, रोगनिदानाचा आहे. कृत्रिम दात म्हणजे दात गेले आणि त्यांच्या जागी दुसरे आले. सोन्याच्या तारेने बांधलेले दात म्हणजे दात स्वतःचेच, पण हलणारे. हिरड्यांच्या दीर्घ रोगात, ज्याला आपण सरसकट पायोरिया म्हणतो, दाताभोवतीचे हाड झिजत जाते. दात धड असतो, त्याचा पाया जातो. मुळे कमकुवत झाल्याचे वर्णन याच्याशी चपखल जुळते. उपचार म्हणून हलणारे दात शेजारच्या घट्ट दातांना बांधले की चावण्याचा भार वाटला जातो. रोग बरा होत नाही, दात मात्र काही वर्षे टिकतात.

ही रीत कशी होती हे जाणण्यासाठी कॉर्डोबाच्या अल-झहरावीकडे जावे लागते. इ. स. १००० च्या सुमारास पूर्ण झालेल्या त्याच्या वैद्यकग्रंथातील शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा आहे. त्यात तो सांगतो: मध्यम जाडीची सोन्याची तार दुहेरी करावी, एका बाजूच्या दोन घट्ट दातांमधून ओवावी, मग हलणाऱ्या दातांमधून विणल्यासारखी नेत दुसऱ्या बाजूच्या घट्ट दातापर्यंत न्यावी, तेथून परत आणावी. हळूहळू ताणावी, जोराने नव्हे. उरलेले टोक कापून, पीळ देऊन घट्ट आणि हलत्या दातांच्या फटीत लपवावे, म्हणजे जिभेला टोचणार नाही. चांदी का नको, तेही तो सांगतो: ती थोड्याच दिवसांत हिरवट पडते, सोने जसेच्या तसे राहते. पडलेल्या दाताच्या जागी बैलाच्या हाडाचा दात कोरून याच तारेने बसवता येतो, हेही त्यात आहे.

जळगावच्या सराफ बाजारातील जुन्या कारागिराला यातील एकही गोष्ट नवी वाटणार नाही. लहान लहान होत जाणाऱ्या छिद्रांच्या पोलादी पट्टीतून सोने ओढायचे, कडक झाले की ताव देऊन मऊ करायचे, पुन्हा ओढायचे. शुद्ध सोने लाळेत गंजत नाही, आणि ते मऊ असल्यामुळे पीळ दिला की तेथेच बसते, उसळी मारून सुटत नाही. दागिन्यासाठी जो मऊपणा दोष ठरतो, तोच येथे गुण. कनौजच्या राजाचे दात वैद्याने बांधले की सोनाराने, याबद्दल इब्न अल-असीर मूक आहे. तार ओढणारा हात तरी सोनाराचाच असणार.

पुरावा तोलताना एक गोष्ट डावलता येत नाही. हसन निजामी हा दिल्लीत लिहिणारा, घटनेच्या अधिक जवळचा; त्याच्या वर्णनात बाण लागून राजा हत्तीवरून कोसळतो आणि त्याचे मस्तक भाल्याच्या टोकावर सेनापतीकडे नेले जाते. तेथे दात नाहीत. मोसुलपर्यंत पोहोचलेली वार्ता शंभर टक्के खरी होती असे म्हणणे धाडसाचे ठरेल. मात्र सोन्याच्या तारेने बांधलेले हलते दात हा तपशील वैद्यकीयदृष्ट्या इतका साधा आणि सुसंगत आहे की तो चारशे वर्षांनंतरच्या ‘कृत्रिम’ दातांपेक्षा अधिक विश्वासार्ह मानावा.

याच धुळ्यात वि. का. राजवाडे यांचे १९२६ च्या ३१ डिसेंबरला निधन झाले, आणि पुढल्या वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ येथे उभे राहिले. बखरीपेक्षा समकालीन अस्सल कागदाला मान द्यावा, हा आग्रह त्यांनी १८९८ च्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडापासून धरला. ब्रिग्जच्या गावी राजवाड्यांची कसोटी लावली की जयचंद्राच्या तोंडातील कवळी निघते आणि तार उरते.

त्याच कसोटीवर दुसरी एक गोष्टही निघते. आजच्या राजकीय मराठीत ‘जयचंद’ म्हणजे फितूर. त्याने घोरीला बोलावले ही कथा समकालीन साधनांत नाही. ती पुढच्या काळातील काव्यांतून आणि आख्यायिकांतून फोफावली. समकालीन साधनांत आहे तो घोरीशी लढताना रणात पडलेला राजा, ज्याच्या हिरड्या खचल्या होत्या आणि ज्याचे दात कुणीतरी चिकाटीने ओवून बांधले होते.

धुळ्यात आता दंत महाविद्यालय आहे. तेथे हलणारे दात बांधायचे झाले तर सोने कोणी मागत नाही. पोलादाची बारीक तार किंवा काचतंतूंची फीत दातांच्या आतल्या बाजूने लावतात. १९५५ मध्ये बुओनोकोरे याने दाखवलेल्या रीतीने आधी दाताचा पृष्ठभाग आम्लाने खरखरीत करतात, मग त्यावर दातांच्याच रंगाचे रेझिन चढवून निळ्या प्रकाशाने ते कडक करतात. बाहेरून काहीही दिसत नाही. आतले टोक मात्र आजही घासून गुळगुळीत करावे लागते, जिभेला टोचू नये म्हणून.