धुरा धरायचा का?

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाची आंतरवासिता मला गावातच, डोंगरकड्याला करता आली. 2014 च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि त्यातले किमान 20 आठवडे शाळेच्या कामासाठी ठरले. पाठ घेतला की त्याची चिंतनिका लिहायची, हे ओघानं आलंच. वरच्या वर्गातल्यांच्या वह्या मी चाळल्या होत्या. ‘पाठ चांगला झाला. विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला. पुढील वेळी वेळेचे नियोजन करीन.’ विषय कोणताही असो, चिंतन तेच. गणिताचं पान इतिहासाच्या वहीत लावलं असतं तरी कुणाच्या लक्षात आलं नसतं.

आमच्या मार्गदर्शक मॅडमनी वही बंद करून प्रत्येकाला गुगल डॉक्सवर एक फाइल उघडायला लावली. आम्ही लिहायचं, त्यांनी समासात शेरा टाकायचा. शक्य असेल तिथे मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन पाठाचा फक्त आवाज मोबाइलवर घ्यायचा आणि लिहून झालं की तो पुसून टाकायचा, अशी त्यांची अट होती. घरी स्वयंपाक उरकल्यावरच मला मोबाइल निवांत मिळायचा. मग टाइप करण्याऐवजी मी मराठीत बोलायचे आणि फोन ते लिहून घ्यायचा. बोलताना पाठ्यपुस्तकी वाक्यं आपोआप गळतात, हा त्याचा मोठाच फायदा.

सातवीला क्षेत्रफळ होतं. आमचा सगळा पट्टा केळीचा, म्हणून उदाहरण केळीचं घेतलं. 33 फूट लांब, 33 फूट रुंद म्हणजे एक गुंठा, 1089 चौरस फूट. पाच बाय पाचवर लागवड केली तर एका खोडाला 25 चौरस फूट. भागाकार केला की 43 खोडं बसतात. मुलांनी उतरवून घेतलं. रात्री मी फाइलमध्ये लिहिलं, ‘परिसरातील उदाहरणामुळे मुलांना रस वाटला.’ सकाळी समासात मॅडमचा एकच प्रश्न होता: ‘मुलं काय म्हणाली?’

ते सांगता येईना. म्हणून ओसरीवर बसून, कानात इयरफोन घालून आख्खं रेकॉर्डिंग ऐकलं. ऐकू येत होता तो मुख्यतः माझाच आवाज. प्रश्न विचारायचा आणि मुलांनी तोंड उघडायच्या आत उत्तरही आपणच द्यायचं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं 1970 च्या दशकात वर्गावर्गात जाऊन हेच मोजलं होतं: शिक्षक प्रश्न विचारून सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात आणि मुलं स्वतःहून जास्त बोलू लागतात. हे मी परीक्षेत लिहून आले होते. कानांनी ऐकलं ते त्या रात्री.

आणि बाक सरकल्याच्या आवाजाखाली, मागच्या कोपऱ्यातून एक पोरगं विचारत होतं, ‘‘मॅडम, धुरा धरायचा का?’’

धुरा म्हणजे शेताचा बांध. पाठ तोवर पुढच्या उदाहरणावर गेला होता. मी ते वाक्य जसंच्या तसं फाइलमध्ये टाकलं. खाली शेरा आला: ‘मग? धरायचा का?’

बाबांना विचारलं. ते म्हणाले, ‘‘धुऱ्यावर कोण केळी लावतं?’’ कागदावर गुंठा आखून बसलो. अगदी कडेपासून लावत गेलं तर ओळीत सात खोडं, म्हणजे 49. चारी बाजूंनी दोन-दोन फूट सोडले तर ओळीत सहाच बसतात, म्हणजे 36. भागाकाराचं 43 दोन्हीकडे येत नाही! दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानावर फक्कीनं गुंठा आखला आणि मुलांनाच खोडं म्हणून उभं केलं. धुरा विचारणारा पोरगा टेप धरून सगळ्यांना जागा दाखवत होता. क्षेत्रफळाच्या भागाकारातून खोडांचा अंदाज येतो, नेमकी संख्या मांडणीवर ठरते, हे सातवीच्या मुलांनी स्वतः शोधलं. त्या दिवशीची चिंतनिका बोलता बोलता दोन पानं झाली.

जॉन ड्यूई या विचारवंतानं 1910 साली मांडलं होतं की खरा विचार अडखळण्यातून सुरू होतो. कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकर ड्यूईंच्याच हाताखाली शिकले. मला अडखळायला लावलं ते समासातल्या प्रश्नानं. आपलं कच्चेपण आपल्याला दिसत नाही, ते दुसऱ्यानं ठोकून दाखवावं लागतं. नामदेवांना गोरोबाकाकांनी असंच दाखवलं आणि नामदेव विसोबा खेचरांना शोधत औंढा नागनाथाला गेले, अशी परंपरा सांगते. ते औंढा आणि नामदेवांचं नर्सी, दोन्ही आमच्याच हिंगोली जिल्ह्यातली.

अ‍ॅपनं चिंतन होतं असं मात्र मी म्हणणार नाही. ग्रॅहॅम गिब्ज यांची 1988 ची सहा पायऱ्यांची चौकट आम्हाला ऑनलाइन फॉर्ममध्येही दिली होती. ‘भावना’च्या रकान्यात बहुतेकांनी ‘आनंद वाटला’ एवढंच भरलं. आता तर मोबाइलला सांगितलं की क्षणात गुळगुळीत चिंतनिका तयार मिळते. तिच्यात मागच्या बाकावरचं पोरगं नसतं, कारण त्या वर्गात कुणी कान दिलेलाच नसतो. साधनांनी मला दोन गोष्टी दिल्या: झालेला पाठ पुन्हा ऐकण्याची सोय, आणि नांदेडला बसलेल्या मॅडमचा प्रश्न सकाळपर्यंत डोंगरकड्यात पोचण्याची सोय. बाकीचं काम जुनंच आहे.

बी.एड. महाविद्यालयांना माझी कळकळीची विनंती आहे: चिंतनिकेला गुण देताना रकाने भरलेत का हे पाहू नका. विद्यार्थ्याचं एक तरी वाक्य त्यात जसंच्या तसं आलंय का, ते पाहा. आणि शेरा म्हणून ‘छान’ लिहू नका, प्रश्न विचारा.