सा रे ग म प... बस्स, एवढंच!

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. आकाशात अजून उजेड रेंगाळतोय, डास कडकडून चावतायत आणि माझ्यासमोर पार्किंगच्या कडेला एक आजी, कॉलेजातली दोन पोरं आणि सात-आठ वर्षांची एक चिमुरडी वाजवत बसलीयत. स्टेजवरचा प्रोग्रॅम कधीच संपलाय. श्रोता म्हणाल तर मी एकटी. बरं, माझ्यासाठी वाजवतायत असंही नाही!

गावाचं नाव कौस्तिनेन. फिनलंडच्या पश्चिमेकडचं, जेमतेम चार हजार वस्तीचं. १९६८ साली इथे लोकसंगीताचा महोत्सव सुरू झाला आणि तेव्हापासून जुलै आला की वादकांची पावलं इकडे वळतात. व्हायोलिन, अ‍ॅकॉर्डियन आणि ज्यांच्यासाठी मी खास आले ती जुनी तंतुवाद्यं... कांतेले आणि योउहिक्को.

मी आपली पक्की मुंबईकर. कोण, कुठे, किती वाजता, कुठल्या स्टेजसमोर जागा पकडायची, सगळं डायरीत लिहून आलेले. दुसऱ्याच दिवशी डायरी बॅगेत गेली. कारण इथला अर्धा महोत्सव टाइमटेबलात नसतोच. तो असतो जिन्यावर, झाडाखाली, कॉफीच्या रांगेत. कुणीतरी एक धून सुरू करतं, येणारा-जाणारा खोका उघडतो आणि त्यात मिसळून जातो. ओळखपाळख नंतर!

आता वाद्यांकडे वळू या. कांतेले म्हणजे मांडीवर घेऊन वाजवायची, सपाट, लाकडी छोटी वीणाच समजा. फिनलंडचं महाकाव्य ‘कालेवाला’. त्यातला म्हातारा वाइनामोइनेन पहिली कांतेले बनवतो ती चक्क एका मोठ्या माशाच्या जबड्यापासून! मोठ्या कांतेलेला तीसहून जास्त तारा असतात, पण जुन्या, साध्या कांतेलेला फक्त पाच. आणि त्या लागतात कशा? सा रे ग म प! गंधार शुद्ध ठेवा किंवा कोमल करा, मामला एवढ्यातच. तरीही तारा छेडून तशाच झणझणू देतात, त्यामुळे एक सूर विरायच्या आत दुसरा त्यात मिसळतो आणि पाच तारांचं आभाळ होतं.

योउहिक्कोचं नशीब मात्र वेगळं. घोड्याच्या केसांच्या दोन-तीन तारा, त्यावर गज आणि लाकडातल्या भोकातून आत घातलेला हात. बोटांच्या मागच्या बाजूनं तार अडवायची. आपली सारंगी आठवते ना, नखांच्या मुळाशी वाजणारी? तसंच काहीसं. आवाज खरखरीत, थोडा रडवेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे वाद्य जवळजवळ संपलं होतं. १९१० च्या दशकात संशोधक वाइसानेन यांनी उरलेल्या मोजक्या वादकांकडून धुना ध्वनिमुद्रित करून घेतल्या, म्हणून १९७० नंतरच्या पिढीला पुन्हा सुरुवात करता आली. कौतुकाची गोष्ट आहे, पण ऐकताना पोटात कालवलंही. एखादं वाद्य मरायला काही शत्रू लागत नाही. घरात कुणी हातात घेतलं नाही की झालं!

आणि मग दिसली... पेटी! हो, हार्मोनियम. कौस्तिनेनच्या व्हायोलिनवादनाला साथ असते ती हिची आणि भल्यामोठ्या डबल बासची. फरक इतकाच, की इथली पेटी पायानं भाता मारून वाजवतात, म्हणून दोन्ही हात मोकळे. लग्नात, नाचात ही पेटी हवीच. २०२१ साली युनेस्कोनं या परंपरेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

पेटी पाहिली आणि मी गप्पच झाले. आमच्याकडे आजोबांची पेटी आहे. एकादशीच्या भजनाला ते वाजवायचे. ते गेल्यावर मी क्लास लावला, पण आठवीत बाई म्हणाल्या, ‘तुझ्या हातात सूर नाही.’ विषय संपला. मी निघायच्या आदल्या आठवड्यात बाबांनी विचारलं होतं, ‘जागा अडतेय, देऊन टाकू का?’ आणि ‘बघा तुम्हीच’ म्हणून मी मोकळी झाले होते.

इथे ‘सूर आहे का’ हा प्रश्न कुणी विचारतच नाही. गावातले व्हायोलिनवादक माउनो यार्वेला यांनी १९८० च्या दशकात मुलांसाठी ‘नॅप्परी’ नावाची पद्धत सुरू केली. निवड-चाचणी नाही. ज्याला दोन सूर येतात त्यानं दोन वाजवायचे, ज्याला दोनशे येतात त्यानं दोनशे, पण सगळ्यांनी एकत्र. आणि ही काही फावल्या वेळातली मौजच नव्हे बरं का! याच भागातली क्रेता हापासालो (१८१३-१८९३) गरिबीनं गांजली, तेव्हा कांतेले घेऊन गावोगाव फिरली आणि त्या कमाईवर तिनं पोरं जगवली. चित्रकार एकमननं १८६८ साली तिचं चित्र काढलं, एका शेतकऱ्याच्या घरात ती वाजवतेय असं.

तर, पार्किंगमधली ती आजी. तिला इंग्रजी येत नव्हतं, मला फिनिश. तिनं कांतेले माझ्या मांडीवर ठेवली आणि माझं एकेक बोट एकेका तारेवर नेऊन बसवलं. प्रत्येक तारेला तिचं ठरलेलं बोट! मी चुकले, ती हसली. पुन्हा चुकले. चिमुरडीनं माझी चूक पकडून तिचीच धून केली आणि दोघं कॉलेजकुमार सुरू झाले...

भारतात तेव्हा पहाटेचे दोन वाजले होते. तरी घरी फोन लावला. ‘बाबा, पेटी देऊ नका.’

भाता दुरुस्त झालाय. दर गुरुवारी सोसायटीच्या भजनी मंडळात मी जाते. पट्टी चुकते, सर्रास चुकते. पलीकडच्या विंगमधल्या काकू टाळ थांबवत नाहीत. नुसती मान हलवतात, चालू दे!

कसं जाल?
शेंगेन व्हिसा काढा. हेलसिंकीहून रेल्वेनं कोक्कोला आणि तिथून रस्त्यानं सुमारे ५० किलोमीटर. गाव लहान, त्यामुळे राहायची सोय खूप आधी करा. रात्री गारठा असतो, जॅकेट हवंच. डासांसाठी मलम विसरू नका. आणि घरी एखादं वाद्य धूळ खात पडलं असेल तर जायच्या आधी एकदा पुसून ठेवा!