वरळीकडे तोंड करून

आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालायची एक काठी होती. ॲल्युमिनियमची, पोकळ, बाबांच्या उंचीपेक्षा लांब. मला कळायला लागल्यापासून ती तिथेच होती. २०२०च्या जूनमध्ये मी ती करवतीनं कापायला घेतली तेव्हा आजी आतून म्हणाली, "बघून काप रे. तो अँटेना आहे."

मी इंजिनिअर. वायरलेस कम्युनिकेशन हा विषय मला परीक्षेला होता आणि त्यात बरे मार्कही पडले होते. पण घरातली काठी म्हणजे अँटेनाची काडी आहे, हे मला आजीनं सांगितलं.

त्याआधीची गोष्ट सांगायला हवी, कारण ती माझ्या चुकीची आहे.

२०१९मध्ये मला पहिली नोकरी लागली. इंटरनेटवरून व्हिडिओ दाखवणाऱ्या एका कंपनीत. एका वेळी किती लोक बघतायत, कोणाचा व्हिडिओ अडकतोय, कोण कितव्या मिनिटाला कंटाळून उठून जातोय, हे मोजणाऱ्या यंत्रणेवर मी काम करतो. त्याच वर्षी १ फेब्रुवारीपासून ट्रायचे केबलचे नवे दर लागू झाले होते. पहिल्या शंभर चॅनेलना १३० रुपये अधिक कर, आणि पैसे भरून बघायचे चॅनेल त्यावर वेगळे. आमचं बिल कमी होण्याऐवजी वाढलं. बाबा रोज त्या यादीवर पेन्सिलीनं खुणा करत बसायचे. दिवाळीत मी ४३ इंची स्मार्ट टीव्ही आणला, ब्रॉडबँड घेतलं आणि केबल बंद करून टाकली. "आता सगळं नेटवर," मी म्हटलं. सगळ्यांना ते पटलं. म्हणजे मला तसं वाटलं.

आजी तेव्हा ऐंशीची होती. जुन्या टीव्हीचं तिचं शास्त्र सोपं होतं. लाल बटण दाबलं की टीव्ही लागतो, आणि रात्री जिथे सोडला तिथेच सकाळी सापडतो. नवा टीव्ही आधी विचारायचा, कोण बघतंय? मग चौकोन. मग चौकोनात चौकोन. सह्याद्रीच्या संध्याकाळच्या बातम्या लावायला सात वेळा बटण दाबावं लागायचं, आणि मध्ये एक जरी चुकलं तरी भलत्याच सिनेमाची जाहिरात सुरू व्हायची. पहिले काही दिवस तिनं मला हाका मारल्या. मी हेडफोन लावून मीटिंगमध्ये. मग हाका थांबल्या. ती शेजारच्या काकूंना सांगायला लागली, "डोळे दुखतात गं हल्ली, म्हणून टीव्ही बघत नाही." आम्ही तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडेसुद्धा नेऊन आणलं.

मग लॉकडाउन आला. २८ मार्चपासून दूरदर्शननं 'रामायण' पुन्हा दाखवायला सुरुवात केली. १९८७मध्ये आजीनं ते याच घरात पाहिलं होतं, शेजारपाजारच्या पंधरावीस माणसांसोबत. या वेळी बाबांनी तिला ते मोबाइलवर लावून दिलं, कारण टीव्हीवर लावलं की माझी मीटिंग अडकायची. दोन दिवसांनी तिनं फोन परत दिला. म्हणाली, "यात राम दिसत नाही. नुसता मुकुट दिसतो."

त्याच सुमारास न्यू जर्सीच्या आतेभावानं खिडकीला चिकटवलेल्या कागदासारख्या अँटेनाचा फोटो पाठवला. तिकडे स्थानिक वाहिन्या हवेतून फुकट मिळतात आणि त्यातल्या मोठ्या वाहिन्या एचडी. २००९च्या जूनमध्ये अमेरिकेनं मोठ्या केंद्रांचं जुनं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद केलं आणि सगळं डिजिटलवर नेलं. आपल्याकडे लोक असं समजतात की अँटेना आजोबांच्या काळात गेला. तिकडे लोक महिन्याचं केबलचं बिल वाचवायला तोच पुन्हा विकत घेतायत.

मग शोधलं, तर आपल्याकडेही तो होता. २०१६मध्ये प्रसार भारतीनं मुंबईसह १६ शहरांत डीव्हीबी-टी२ पद्धतीचं डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं होतं. नॅशनल, न्यूज, भारती, स्पोर्ट्स आणि त्या त्या भाषेची वाहिनी, अशा पाच वाहिन्या एकाच लहरीवर बांधून. एचडी नाही, साधंच चित्र. या पद्धतीत एचडीही पाठवता येतं, पण इथे तेवढ्याच जागेत पाच वाहिन्या बसवल्या होत्या. मला पाचांतली एकच हवी होती.

यावर कोणीही विचारेल, फ्री डिश का नाही लावली? तीही फुकटच, आणि वाहिन्या कितीतरी जास्त. पण तिचा उपग्रह आमच्याकडून आग्नेयेला येतो आणि आमची गॅलरी पश्चिमेला. गच्चीवर नुकतंच वॉटरप्रूफिंग झालेलं, आणि सेक्रेटरींनी बोर्डावर लिहून ठेवलेलं की डिशसाठी भोकं पाडायची नाहीत. अँटेनाला मात्र भोक लागत नाही. तो पाण्याच्या टाकीच्या शिडीला तारेनं बांधता येतो.

आणि मनोरा होता वरळीला.

हे मला माहीत होतं, पण आजीसमोर उच्चारलं तेव्हा त्याचा अर्थ लागला. माझे आजोबा गिरणीत होते. वरळीच्या चाळीत दहा बाय बाराची खोली. २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. त्याचा तो तीनशे मीटरचा लोखंडी मनोरा उभा राहताना चाळीतल्या लोकांनी गॅलरीतून पाहिला होता. चाळीत एकच टीव्ही होता, एका हेडक्लार्कांच्या घरी. "तिथे अँटेनाची गरजच नव्हती," आजी म्हणाली. "मालक गंमतीनं म्हणायचे, नुसती चमचाभर तार लावली तरी गजरा दिसेल." आजोबांना ती अजूनही मालकच म्हणायची.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. तो कधी मागे घेतलाच गेला नाही, नुसता विरत गेला. आजोबांची गिरणीही गेली. १९८६मध्ये त्यांनी खोली सोडली आणि आलेल्या पैशांत भाईंदर पश्चिमेला वन रूम किचन घेतलं. तेव्हा इथे मिठागरं, चिखल आणि पाण्याची बोंब. इथे आल्यावर आजोबांनी पहिली वस्तू घेतली ती हप्त्यावरचा टीव्ही, आणि गच्चीवर हा अँटेना चढवला. वरळीत चमचाभर तार पुरली असती. भाईंदरला तीस-बत्तीस किलोमीटरवरून चित्र खेचायला माणसापेक्षा लांब काड्या लागत होत्या.

"रविवारी ते वर जायचे आणि मी खिडकीतून ओरडायचे," आजी म्हणाली. "आलं. गेलं. मुंग्या आल्या. थोडं इकडे. संक्रांतीला तर पतंग अडकून अडकून काड्याच वाकायच्या." मग जरा थांबून म्हणाली, "त्यांना टीव्हीचं एवढं काही नव्हतं. पण त्याचं तोंड वरळीकडे आहे ना, हे बघून यायचे."

आजोबा १९९९मध्ये गेले. केबल त्याआधीच आली होती. गच्चीच्या दुरुस्तीत कोणीतरी अँटेना उतरवला, आणि त्याची सगळ्यात लांब काडी गॅलरीत आली.

आता थोडं गणित. लहर जितकी लांब, काडी तितकी लांब. साधारण अर्ध्या लहरीएवढी. जुनी वाहिनी व्हीएचएफच्या खालच्या पट्ट्यात होती, म्हणून काड्या दोन मीटरच्या वर. नवं प्रक्षेपण यूएचएफवर, तिथे अर्धी लहर वीतभरापेक्षा थोडी जास्त. म्हणजे आजोबांच्या एका काडीत माझा अख्खा अँटेना निघत होता. आजीची परवानगी घेऊन मी तिचे आठ तुकडे केले. लाकडाच्या पट्टीवर ओळीनं बसवले, मधल्या तुकड्याचे दोन भाग करून त्यांना केबल जोडली. आमच्या स्मार्ट टीव्हीतला ट्यूनर जुन्या अ‍ॅनालॉगचाच निघाला, म्हणून दीड हजारांचा एक खोका मागवला.

मी गच्चीवर, बाबा फोनवर, आजी टीव्हीसमोर. वरळी आमच्याकडून जवळजवळ थेट दक्षिणेला. तीनशे मीटर उंचीवरून लहरींचं क्षितिज सत्तर किलोमीटरच्या आसपास असतं, त्यामुळे कागदावर भाईंदर आरामात बसत होतं. मोबाइलमधल्या होकायंत्रानं मी नेम धरला.

"काही नाही," बाबा म्हणाले.

जुन्या टीव्हीत चित्र बिघडायचं तेही हळूहळू. मुंग्या, सावल्या, एका बातमीदाराचे दोन बातमीदार. काय चुकतंय ते डोळ्यांना दिसायचं. डिजिटलमध्ये एका मर्यादेपर्यंत चित्र एकदम स्वच्छ असतं, आणि मर्यादेखाली नुसता काळा पडदा. मी पाऊण तास काळ्या पडद्याशी झटत होतो. दक्षिणेला नवा वीसएक मजली टॉवर उभा होता, आमच्या चार मजल्यांच्या समोर भिंतीसारखा. शेवटी बाबांच्या फोनवर आजी आली.

"अरे, फिरवू नको. सरकव."

"म्हणजे?"

"तोंड तसंच ठेव. तू जागा सोड. ते असंच करायचे."

मी शिडीवरून अँटेना सोडवला, हातभर पश्चिमेला नेला आणि डोक्यावर धरला. खालून बाबा म्हणाले, "बारा टक्के... चाळीस... थांब, थांब, तिथेच थांब!" इमारतींवरून उलटून आलेल्या लहरी आणि थेट लहरी एकमेकींत मिसळतात, कुठे एकमेकींना मारतात, कुठे साथ देतात. हातभर सरकलं की हिशोब बदलतो. हे मी परीक्षेत सूत्रासकट लिहिलं होतं. आजीनं ते खिडकीतून ओरडून ओरडून शिकलेलं होतं.

मी खाली आलो तेव्हा सह्याद्री लागली होती. आजी बघत होती. जरा वेळानं म्हणाली, "प्रदीप भिडे नाहीत का आता?" आणि मग, अगदी साध्या आवाजात, "बरं झालं लावलंस. मला वाटायचं, तू कामात असतोस, कशाला सांगा."

आठ महिने. मी रोज नोकरीत हजारो अनोळखी माणसांचा व्हिडिओ कुठे अडकतो ते सेकंदासकट मोजत होतो, आणि माझ्या घरातलं एक माणूस आठ महिने अडकून पडलं होतं. त्याची नोंद माझ्या कुठल्याच तक्त्यात नव्हती, कारण जो बघतच नाही तो मोजला जात नाही.

जुलैत सह्याद्रीवर 'टिलीमिली' सुरू झालं, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी पाठ्यपुस्तकांवर आधारलेली मालिका. आमच्या वॉचमनकाकांची मुलगी पाचवीत होती, मराठी शाळेत. शाळा फोनवर, आणि घरातला एकुलता एक फोन काकांच्या खिशात, गेटवर. आजीनंच तिला बोलावलं. आई घाबरली. आजीचं वय, तिचा दमा, बाहेरची मुलगी. आई चूक नव्हती. दोन दिवस घरात धुसफुस झाली. मग बाबांनी टीव्ही दाराकडे तोंड करून ठेवला, दार उघडं, मुलगी बाहेर पॅसेजमध्ये चटईवर मास्क लावून आणि आजी आत तिच्या खुर्चीत. आठवडाभरात चटईवर तिघं होते. आजी अपूर्णांकांचे धडे त्यांच्याइतक्याच लक्षपूर्वक बघायची.

ते बघताना माझ्या धंद्यातली एक गोष्ट मला नीट कळली. आमच्याकडे प्रत्येक नवा प्रेक्षक म्हणजे थोडा जास्त खर्च, म्हणून तो कोण आहे हे विचारावंच लागतं. मनोऱ्याला एक प्रेक्षक आणि एक लाख प्रेक्षक सारखेच. चटईवर तिसरा मुलगा येऊन बसला म्हणून वरळीला एक पैसाही जास्त लागला नाही, आणि त्याचं नावही कोणी विचारलं नाही. पण याची दुसरी बाजूही आहे. ज्याला प्रेक्षक दिसत नाहीत, त्याला ते आहेत हे सिद्धही करता येत नाही. मार्च २०२२पर्यंत मोक्याच्या ठिकाणची पन्नासेक केंद्रं सोडून देशातलं उरलंसुरलं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद करायचं ठरलं होतं. ते बंद झालं तेव्हा आमच्या अख्ख्या ऑफिसात कोणाला पत्ताही नव्हता. मुद्दा चूक नव्हता. जुनी यंत्रं, खाणारी वीज, अडलेल्या लहरी. तरी मला वाटून गेलं की कुठेतरी एखादी आजी म्हणाली असेल, हल्ली डोळे दुखतात.

आजी २०२३मध्ये गेली. वॉचमनकाका त्याआधीच गावी परतले होते.

आता आमची सोसायटी पुनर्विकासाला निघाली आहे. मागच्या महिन्यात सभा झाली. बिल्डरच्या माणसानं सोयी वाचून दाखवल्या. प्रत्येक फ्लॅटमध्ये फायबर, व्हिडिओ डोअर फोन, गच्चीवर बाग. काही सूचना? मी हात वर केला. म्हटलं, गच्चीपासून प्रत्येक घरात एक रिकामा पाइप ठेवा, अँटेनाची केबल जाईल एवढा.

दोघंतिघं हसले. बिल्डरच्या माणसानं विचारलं, "आजकल कौन लगाता है?"

सेक्रेटरी मात्र हसले नाहीत. त्यांची नात त्या चटईवर बसायची. त्यांनी चष्मा लावला आणि इतिवृत्तात लिहून घेतलं. मग मान वर करून मला विचारलं, "दक्षिणेलाच लागतो ना?"