निवृत्त आकडा

माणूस निवृत्त होतो, हे नित्याचे आहे. आकडा निवृत्त होतो, हे मला अमेरिकेतील बेसबॉलविषयी वाचताना कळले. एखाद्या थोर खेळाडूच्या जर्सीवरचा क्रमांक त्याच्या संघाने पुढे कोणालाही द्यायचा नाही, अशी ही प्रथा. न्यूयॉर्क यांकीजच्या लू गेहरिगपासून ती सुरू झाली.

या प्रथेविरुद्ध माझा एक घरगुती आक्षेप आहे. आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला ठेवतात. नाव हाकेत राहिले की माणूस घरात राहतो. मग आकडा कुलूपबंद कशाला? शिवाय आकडे काही अनंत नाहीत. २०१७ मध्ये डेरेक जीटरचा २ हा क्रमांक निवृत्त झाला आणि यांकीजच्या नव्या खेळाडूला शून्याखेरीज एकअंकी आकडाच उरला नाही.

यावर उपाय म्हणून लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी एक दंडक पाळला : ज्याला 'हॉल ऑफ फेम'मध्ये स्थान, त्याचाच क्रमांक निवृत्त. एका अपवादाखेरीज तो टिकला. पण फर्नांडो वालेन्झुएलापुढे हा दंडक अडखळला.

डॉजर्सचे मैदान ज्या जागेवर १९६२ मध्ये उघडले, तेथील मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांना १९५०च्या दशकात घरे सोडावी लागली होती. ती कटुता अनेक घरांत मुरलेली. अशा शहरात १९८१ साली मेक्सिकोतील सोनोरा प्रांताच्या एका खेड्यातला वीस वर्षांचा पिचर उभा राहिला. त्याने पहिले आठही सामने जिंकले. त्याच वर्षी सर्वोत्तम नवोदिताचा आणि सर्वोत्तम पिचरचा असे दोन्ही सन्मान त्याला मिळाले. ज्या घरांनी मैदानाकडे पाठ फिरवली होती, त्यांतली माणसे त्याला पाहायला येऊ लागली.

पुढे त्याची कारकीर्द मंदावली. 'हॉल ऑफ फेम'च्या मतदानात लेखकांनी त्याला निवडले नाही. तरीही १९९१ मध्ये तो संघाबाहेर पडल्यावर ३४ क्रमांकाची जर्सी डॉजर्सनी कोणालाच दिली नाही. नियम नाही म्हणत होता आणि कपाट बत्तीस वर्षे होय म्हणत होते. अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये नियमाने कपाटाचे ऐकले. फर्नांडो ते पाहायला हयात होता. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबरमध्ये, तो गेला.

मला वाटते, येथे दोन मापांची गल्लत होत होती. कीर्तिमंदिर कारकिर्दीची उंची मोजते. निवृत्त क्रमांक एका गावाचे ऋण मोजतो. पहिल्या मापाने दुसरे मोजू नये.

आणि माझ्या आक्षेपाचे काय? त्याचेही उत्तर बेसबॉलमध्येच आहे. गोऱ्यांपुरत्या राहिलेल्या मोठ्या स्पर्धांचे दार १९४७ मध्ये उघडणाऱ्या जॅकी रॉबिन्सनचा ४२ हा क्रमांक १९९७ मध्ये सर्व संघांनी मिळून निवृत्त केला. मात्र दरवर्षी १५ एप्रिलला झाडून सारे खेळाडू ४२च घालून मैदानात उतरतात. वर्षभर कोणाचाच नसलेला आकडा त्या दिवशी सगळ्यांचा होतो. नातवाला नाव ठेवण्याची ही त्यांची रीत असावी.