थोडी गळती हवी

सवयीच्या आवाजाची किंमत आपल्याला कळत नाही. कळते ती तो आवाज बदलला म्हणजे. आमच्या कोकणातल्या घरी विहिरीवरच्या मोटरीचे असेच होते. सकाळी ती घुमू लागली, की पाटातले पाणी सुपारीच्या आळ्यांत शिरायचे. पाण्याकडे सर्वांचे लक्ष. मोटरीकडे कुणाचेच नाही.

यंदा पावसाळा सरल्यावर शिंपणे सुरू केले आणि ती किंचाळू लागली. आई म्हणाली, "हिला दम लागतोय रे." तिसऱ्या दिवशी जळक्या वार्निशाचा वास सुटला आणि मोटर थांबली ती थांबलीच.

मिस्त्री आले. त्यांनी मोटरीला हात लावण्याआधी पंपाभोवतीची ओली जमीन पाहिली आणि म्हणाले, "मास्तर, ही आपल्या मरणाने मेली नाही. हिला पंपाने मारली."

आमचा पंप वेगळा, मोटर वेगळी. दोघांचे दांडे कपलिंगने जोडलेले. पंपाचा दांडा जिथून बाहेर येतो, तिथे ग्लँडमध्ये ग्रॅफाइट लावलेली दोरी गुंडाळलेली असते. ती झिजली. पाण्याची बारीक फवारी मोटरीच्या बेअरिंगवर उडत राहिली. ग्रीस धुऊन गेले, गंज चढला. अडखळणारा दांडा फिरवण्यासाठी मोटर जास्त करंट ओढू लागली आणि त्या तापाने वायंडिंग जळले. ते आधी दोनदा भरून घेतलेले. "तिसऱ्यांदा नको," मिस्त्री म्हणाले, "जुनी तार काढायला दर वेळी जाळावी लागते. त्यात आतल्या पत्र्यांवरचा लेप जातो. मग मोटर काम कमी करते, तापते जास्त."

म्हणजे नवी घ्यायची. पण ही मोटर वडिलांनी १९८८ साली आणलेली. ते गेल्यापासून आई रोज तिच्यावरचे पत्र्याचे झाकण पुसत असे. तिच्यासमोर भंगाराची गोष्ट काढायची कशी? मी चाचरत विषय काढला. आई थोडा वेळ विहिरीकडे पाहत राहिली.

"ही आली तेव्हा रहाट मोडला," ती म्हणाली. "सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. रहाटाच्या कुरकुरीवर त्यांना झोप लागायची. त्यांची समजूत मी काढली होती. म्हटलं, पाणी तेच आहे ना? आता माझी समजूत मलाच काढायला हवी. ने ती."

नवी मोटर आली, तीही दोन हॉर्सपॉवरची. मला वाटले होते, चार बोल्ट आवळले की झाले. मिस्त्रींना मात्र अर्धा दिवस लागला. आधी त्यांनी ग्लँडची दोरी बदलली. ती तशीच ठेवली असती तर नवी मोटरही त्याच वाटेने गेली असती. मग पट्टी लावून, खाली पातळ पत्र्याचे तुकडे सरकवून दोन्ही दांडे एका रेषेत आणले. मिनिटाला २८००च्या वर फेरे. तिथे केसाएवढा वाकडेपणाही बेअरिंग खातो. जुन्या घरात नवी सून आणताना आपण इतके जपतो का, असे माझ्या मनात आले.

शेवटी पंपात पाणी ओतून आतली हवा काढली. पाणी हवे तर आधी पाणी द्यावे लागते! बटण दाबले, विहीर बोलू लागली. पण ग्लँडमधून थेंब गळताना दिसताच आईचा गृहिणीधर्म जागा झाला.

"अहो, गळतंय ना! जरा आवळा की."

"आवळीन, वहिनी," मिस्त्री हसले, "पण मग दोरी कोरडी पडेल आणि दांडा जळेल. फवारी वाईट, थेंब चांगला. त्या थेंबावरच तो गार राहतो."

आईला ते पटले असावे. मोठी जाऊ या दिवाळीला येणार होती. तिच्याशी जुन्या भांड्यांवरून दहा वर्षांचा अबोला. संध्याकाळी फराळाचे डबे भरताना आईने त्यातले एक पितळी पातेले घासून बाजूला ठेवले. "हे तिला देऊन टाकते," ती म्हणाली. "किती आवळून धरायचं?"